अल्पजल धुलाईयंत्रे आणि भंडाऱ्याची साशंकता

भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणण्याची वहिवाट जुनी आहे. आणि वर्षाकाठी सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या, भाताच्या बांध्यांनी पावसाळाभर जलमय दिसणाऱ्या या प्रदेशात कमी पाण्यात कपडे धुणाऱ्या व भांडी घासणाऱ्या यंत्रांची चर्चा करणे म्हणजे लातूरचा प्रश्न अकारण पूर्वेकडे ओढून आणणे होय, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या जलमंडळाने व्यापारी आस्थापनांना व मोठ्या गृहसंकुलांना नळाच्या तोंडाशी प्रवाह रोखणाऱ्या जाळ्या बसविण्याची सक्ती केली. अशा ठिकाणी अल्पजल यंत्राचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. परंतु तहानेने व्याकूळ झालेला मनुष्य जो उपाय पुढे येईल त्यास होकार देतो आणि त्यामुळे उपायाची परीक्षा नीट होत नाही, हेही तितकेच खरे. ज्या जिल्ह्यात गरज आहे पण ती गळ्याशी आलेली नाही, तेथील गृहिणीच्या मनात या यंत्रांविषयी जी साशंकता आढळते तिचा शांतपणे विचार करता येतो, आणि म्हणूनच हा आढावा भंडाऱ्याच्या भूमीवर उभा राहून घेणे मला योग्य वाटते.

शिवाय येथील पाण्याचा विचार फार पूर्वीपासून दस्तऐवजात उतरलेला आहे. गोंड राजवटीत आणि त्यानंतर कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधलेले तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असत. तथापि ब्रिटिश अमदानीतील बंदोबस्ताच्या वेळी तयार झालेल्या वाजिब-उल-अर्जात गावोगावच्या वहिवाटी नोंदल्या गेल्या, आणि गुरांना पाणी पाजणे, अंघोळ, धुणे अशा नित्याच्या गरजांसाठी गावकऱ्यांस असलेल्या हक्कास निस्तार ही संज्ञा रूढ झाली. म्हणजे धुण्याचे पाणी ही येथे केवळ सवयीची बाब नव्हती, तिला हक्काचे स्वरूप होते. १९५० च्या मध्यप्रदेशातील स्वामित्व हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, त्यांची देखभाल दुबळी होत गेली, गाळ साचत गेला. आणि हळूहळू धुणे तलावाच्या पायरीवरून घरामागच्या मोरीत आले. तलावावर पाणी मोजावे लागत नसे. नळ दारात आला तेव्हा मात्र मोजणी सुरू झाली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनचे परिमाण दरडोई दररोज ५५ लिटरचे आहे, म्हणजे पाच माणसांच्या कुटुंबास २७५ लिटर. वरून कपडे टाकण्याचे पूर्ण स्वयंचलित यंत्र एका धुण्यास साधारणतः १०० ते १५० लिटर पाणी घेते. ते एकदा फिरले की कुटुंबाच्या दिवसाच्या वाट्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक, कधी निम्माही भाग खर्ची पडतो. समोरून उघडणारे यंत्र हेच काम ५० ते ८० लिटरांत करते. तेव्हा पाणी वाचविण्याची गरज काल्पनिक आहे असे भंडाऱ्यातही कोणास म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच उरतो की, जे वाचविल्याचे सांगण्यात येते ते खरोखर वाचते काय, आणि कपडा खरोखर स्वच्छ होतो काय.

या साशंकतेचे मूळ शोधताना धुलाईचे शास्त्र थोडे पाहिले पाहिजे. हेन्केल या जर्मन कंपनीतील रसायनज्ञ हर्बर्ट झिन्नर याने १९५९ च्या सुमारास असे मांडले की, कोणतीही धुलाई चार गोष्टींच्या बेरजेवर चालते: रसायन, उष्णता, घर्षण आणि वेळ. यांपैकी एक कमी केली तर उरलेल्यांपैकी कोणती तरी वाढवावी लागते. पाणी या चौघांनाही वाहून नेणारे माध्यम होय. ते कापसात सोडा भिनवते, उष्णता पोहोचवते, सुटलेला मळ आपल्या पोटात घेते आणि शेवटी त्याला घराबाहेर नेऊन सोडते. थंड पाण्यात सोड्यात भिजवून, दगडावर मोगरीने बडवून, पुन्हा पुन्हा खंगाळून आणि पिळून काढणारी आपली परंपरागत पद्धती या दृष्टीने पूर्णतः सुसंगत आहे. तिच्यात उष्णता जवळजवळ नाही, म्हणून घर्षण आणि पाणी भरपूर आहे. जो कोणी या घडीतून पाणी काढून घेतो त्याने त्याच्या जागी काय ठेवले, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक धुणाऱ्या बाईस आहे, आणि ती जेव्हा «इतक्याशा पाण्यात मळ जाईल कुठे?» असे विचारते तेव्हा ती अज्ञानातून बोलत नसून झिन्नरचाच सिद्धान्त आपल्या शब्दांत मांडत असते.

या प्रश्नास व्यापाऱ्यांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास फारसा विश्वास वाढविणारा नाही. १९९९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला साबणाशिवाय कपडे धुण्याचा दावा करणाऱ्या प्लास्टिकच्या गोळ्यांच्या विक्रेत्यांविरुद्ध कारवाई करावी लागली. २००१ साली जपानच्या सान्यो कंपनीने ध्वनिलहरी व विद्युत्-विघटन यांच्या साहाय्याने साबणाविना धुणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हा तेथील साबण-उत्पादकांच्या संघाने त्यास हरकत घेतली. त्या हरकतीत स्वार्थ होता हे उघड असले तरी तिच्यामुळे चर्चा झाली हेही खरे. याच कंपनीने २००६ साली ओझोन वायूने खंगाळण्याचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणारे यंत्र काढले, आणि ही कल्पना मला पूर्वीच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात पाण्याची गरज नाकारलेली नाही. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठातील प्राध्यापक स्टीफन बर्किन्शॉ यांच्या संशोधनातून झेरॉस ही कंपनी जन्मास आली. ओलसर अवस्थेत नायलॉनचे मणी डाग शोषून घेतात या गुणधर्मावर तिचे यंत्र उभे आहे. २००८ च्या सुमारास एका पेल्याएवढ्या पाण्यात धुलाई अशा शब्दांत वर्तमानपत्रांनी तिची वाखाणणी केली. प्रत्यक्ष व्यापारी यंत्र हॉटेलांच्या धुलाईघरांत पोहोचले तेव्हा दाव्याचे स्वरूप ऐंशी टक्क्यांपर्यंत बचत असे झाले. ऐंशी टक्के बचत हीही मोठीच. पण पेल्यापासून तेथवरचा हा प्रवास ग्राहकाने लक्षात ठेवावा. आपल्याकडे आयएफबी या कंपनीने झेरॉसशी परवान्याचा करार केलेला आहे. चंदीगडच्या बाजूस चितकारा विद्यापीठाच्या आश्रयाने निघालेल्या ‘८०वॉश’ या यंत्राचा दावा तर पाच कपडे ऐंशी सेकंदांत, एक पेला पाण्यात आणि साबणाविना, सूक्ष्मतरंग व कोरडी वाफ यांनी स्वच्छ करण्याचा आहे. वाफेने जंतू मरतात आणि घामाचा वास जातो, हे मानण्यास अडचण नाही. परंतु रोवणीहून परतलेल्या मजुराच्या धोतरातील चिखल वाफेने मरत नाही. तो कोठे तरी वाहून जावाच लागतो.

येथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या मते या संपूर्ण प्रश्नाचा गाभा येथेच आहे. यंत्रांची धुलाईक्षमता मोजण्याचे एक आंतरराष्ट्रीय परिमाण आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत्तांत्रिक आयोगाच्या ६०४५६ क्रमांकाच्या त्या नियमावलीत प्रमाणित डागांच्या पट्ट्या कपड्यांबरोबर यंत्रात टाकतात आणि धुतल्यावर त्यांचा उजळपणा मोजतात. हे डाग पाच प्रकारचे आहेत: त्वचेची स्निग्धता, काजळी व खनिज तेल, रक्त, कोको आणि तांबडी द्राक्षमदिरा. युरोपीय गृहस्थाच्या जीवनाचा तो यथार्थ नमुना आहे, यात शंका नाही. पण त्यात हळद नाही. त्यात सुपारी-तंबाखूचा खर्रा नाही, ज्याचा तांबूस-करडा डाग भंडारा-गोंदियाच्या बाजूला पुरुषांच्या सदऱ्याच्या खिशाशी व बाहीशी हमखास आढळतो. त्यात बांधीतील चिकणमाती नाही, जी आषाढ-श्रावणात लुगड्याच्या काठापासून गुडघ्यापर्यंत चढते. त्यात चुलीचा धूर नाही, गूळ-चिंचेचा ओघळ नाही, मुलांच्या गणवेशावरील सायकलच्या साखळीचे वंगण तर सोडाच. या डागांचे स्वभाव परस्परांहून भिन्न आहेत. हळद हा रंग आहे. तो सोड्याने प्रथम तांबडा होतो आणि मग उन्हाने फिका पडतो, यंत्र त्यात फारसे काही करीत नाही. चिकणमाती ही सूक्ष्म कणांची असते. ती धाग्यांच्या मध्ये अडकते, आणि एकदा सुटली तरी भोवतीचे पाणी थोडे असेल तर पुन्हा त्याच कपड्यावर, किंवा शेजारच्या पांढऱ्या कपड्यावर, एकसारखी बसते. कपडे दोन-चार महिन्यांत करडे दिसू लागतात आणि का ते कळत नाही, याचे कारण बहुधा हे पुनःस्थापन असते. जे यंत्र तांबड्या मदिरेच्या परीक्षेत उत्तम ठरले ते चिखलाच्या परीक्षेत उत्तम ठरेलच, असे त्या नियमावलीवरून सिद्ध होत नाही. आणि ते अपयशी ठरेल, असेही सिद्ध होत नाही. परीक्षाच झालेली नाही. मोहाडी-आंधळगावच्या विणकरांचे कोसा रेशमाचे वस्त्र या चर्चेत मी मुद्दाम आणीत नाही, कारण ते कोणत्याही यंत्रात घालण्याचे धाडस समजदार माणूस करणार नाही.

दुसरी शंका खंगाळण्याविषयी आहे, आणि ती पहिलीहून अधिक व्यापक आहे. आपल्याकडे फेस म्हणजे स्वच्छता आणि फेस संपणे म्हणजे धुलाई संपणे, अशी दृढ समजूत आहे. कमी फेसाची पावडर आणून रोज दोन बादल्या पाणी वाचवा, असा प्रचार सर्फ एक्सेलने या शतकाच्या पहिल्या दशकात दूरदर्शनवरून केला. त्यात पाण्याचा हिशेब बरोबर होता, परंतु फेस दिसला नाही की पावडर अपुरी पडली असे मानून आणखी मूठभर टाकण्याची सवय त्याने सहज मोडली नाही. अल्पजल यंत्रात हीच सवय घातक ठरते. पाणी निम्मे आणि सोडा दीडपट, अशी स्थिती झाली की शेवटच्या पाण्यातही सोडा उरतो, आणि तो अंगास खाज आणतो. ही भीती केवळ आपली नव्हे. अमेरिकेत २००७ साली धुलाईयंत्रांचे सरकारी निकष कडक झाले तेव्हा त्याच वर्षी तेथील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या प्रतिष्ठित मासिकाच्या परीक्षेत वरून कपडे टाकण्याची कित्येक यंत्रे नीट धुवीत नाहीत असे आढळले. पुढे रचना सुधारल्यावर स्थितीही सुधारली. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमांत खंगाळल्यानंतर कपड्यात उरणाऱ्या धुलाईद्रव्यावर किलोमागे ५ ग्रॅमची मर्यादा घातली. पाणी वाचविण्याचा निकष एकटा ठेवला तर उत्पादक खंगाळण्यात काटकसर करतील, हे तेथील शासनाने ओळखले होते. आमच्या गृहिणींच्या शंकेस परदेशी कायद्याने दिलेली ही मान्यताच समजावी.

भांडी घासण्याच्या यंत्राची कथा निराळी आहे. येथे कमी पाण्याचा दावा बराचसा खरा आहे. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे प्राध्यापक रायनर श्टामिंगर यांनी सात युरोपीय देशांतील लोकांना बारा माणसांच्या जेवणाची भांडी हाताने धुवावयास सांगितली. सरासरी १०३ लिटर पाणी लागले, आणि यंत्राचे मात्र त्याच्या एका लहानशा अंशात काम भागले. परंतु हा आकडा आपल्या स्वयंपाकघरास जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. वाहत्या नळाखाली भांडे धरणारा युरोपीय गृहस्थ आणि एका घमेल्यात घासून दुसऱ्या बादलीत विसळणारी लाखनीची गृहिणी, यांची तुलना होऊ शकत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासाने हे स्पष्ट केले आहे: साबणाचे पाणी एका भांड्यात व स्वच्छ पाणी दुसऱ्यात घेऊन हाताने धुतले, तर कार्बनाच्या दृष्टीने ती रीत यंत्रासही मागे टाकते. तो अभ्यास एका यंत्र-उत्पादक कंपनीच्या साहाय्याने झाला होता, हे लक्षात घेता त्याचा निष्कर्ष अधिकच विश्वसनीय ठरतो. जी पद्धत तेथे संशोधनाने शोधावी लागली ती आपल्याकडे पाणी भरून आणण्याच्या कष्टाने केव्हाच रुजविली होती.

भंडाऱ्याची आणखी एक खास अडचण आहे. हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी एके काळी प्रसिद्ध. अद्यापि कित्येक घरांत पितळेची घागर, परात आणि गंज (पातेले) नित्य वापरात आहेत. यंत्रातील तीव्र क्षारयुक्त पावडर आणि कढत पाणी पितळेची झळाळी घालवते, ॲल्युमिनियम काळे पाडते आणि लोखंडी तव्याला गंज चढविते. तेव्हा अर्धी भांडी यंत्रात व अर्धी मोरीत अशी विभागणी होते, आणि वाचलेल्या पाण्याचा पुष्कळ भाग मोरीतच परत जातो. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, देशभर भांडी घासण्याच्या यंत्रांची मागणी एकाएकी वाढली होती, कारण कामाला बाई येऊ शकत नव्हती. त्या तातडीच्या खरेदीतील किती यंत्रे आज खरोखर चालतात, याची चौकशी कोणी तरी करावी.

यंत्राच्या सभोवतालची परिस्थिती हा साशंकतेचा तिसरा आधार. नळयोजनेचे पाणी ठराविक वेळी येते, दाब अल्प असतो, शेजाऱ्याने टिल्लू पंप लावला की उरलेला दाबही नाहीसा होतो. आणि अल्पजल यंत्रे बहुधा नळाच्या निश्चित दाबावर चालण्यासाठी रचलेली असतात. वरच्या टाकीवाचून ती अडून बसतात. ज्या गावात बोअरचे पाणी जड आहे तेथे साबण क्षारांशी संयोग पावून निकामी होतो आणि तापविणाऱ्या दांड्यावर थर चढतो; ज्या गावात त्या पाण्यात लोह आहे तेथे पांढऱ्या कपड्यांवर तांबूस छटा येते, आणि दोष मात्र यंत्राच्या माथी जातो. वीज मधेच गेली की समोरून उघडणाऱ्या यंत्राचे दार कुलूपबंद राहते. यंत्र बिघडल्यास लाखांदूर किंवा पवनीच्या ग्राहकास नागपूरहून कारागीर येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि तोवर धुणे हातानेच होते. या अडचणी लहान दिसतात. परंतु एखादे यंत्र घरात टिकते की कोपऱ्यात ओढणी घालून ठेवले जाते, याचा निर्णय प्रयोगशाळेत होत नाही, तो या लहान अडचणींत होतो. दोन टाक्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र खेड्यात इतके लोकप्रिय का, याचेही उत्तर येथेच मिळते: त्यात पाणी बादलीने भरता येते, एकाच सोड्याच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी अशी फेर धुलाई करता येते, आणि खंगाळणे किती करावयाचे हे धुणारी स्वतः ठरवते. जाहिरातदार ज्यास मागासलेले म्हणतील ते हे यंत्र योग्य हाती पडले तर स्वयंचलित यंत्राहून कमी पाणी घेते.

चवथी शंका अधिक व्यापक स्वरूपाची आहे, आणि ती बहुधा पुरुष मंडळी उपस्थित करतात. एक किलो तांदूळ पिकविण्यास काही हजार लिटर पाणी लागते. मग भाताच्या जिल्ह्यात धुण्याच्या बादलीवर दृष्टी कशासाठी? नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये व तेथून वैनगंगेत येते, गोसीखुर्दच्या फुगवट्यात ते साचून राहते, जलपर्णी माजते. ज्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली त्याच्या जलाशयाची ही दशा असताना भंडाऱ्याच्या गृहिणीने पेलाभर पाण्यात धुवावे, हा उपदेश अन्याय्य नव्हे काय? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते ज्या तळमळीने मांडले जाते ती तळमळ माझीही आहे. तथापि या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. शेताचे पाणी कालव्याने येते; घराचे पाणी शुद्ध करावे लागते, उपसावे लागते, आणि नळ कोरडा असला की बाईच्या कमरेवरून यावे लागते. लिटरास लिटर समान नाही. घरातील वीस लिटर वाचले तर कोणाची तरी एक खेप वाचते. शिवाय कमी पाण्याच्या धुलाईतून बाहेर पडणारे सांडपाणी अधिक दाट सोड्याचे असते आणि ते उघड्या नालीतून शेवटी नदीतच जाते. म्हणून पाण्याच्या बचतीबरोबर सोड्याचीही बचत झाली नाही, तर वैनगंगेला त्यापासून काहीच लाभ नाही. आणि बचतीचे यंत्र आले म्हणजे एकूण खप घटतोच, असेही नाही. १८६५ साली इंग्लंडमध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्सने कोळशाविषयी दाखविले होते की, इंधन कमी खाणारी यंत्रे आली तेव्हा एकूण खप वाढला. रोज धुण्याची सोय झाली की एकदा अंगावर घातलेला सदराही यंत्रात जातो, हे आपण शहरांत पाहतोच.

ज्यांचे पोट इतरांची धुणीभांडी करण्यावर आहे त्यांची धास्ती या आढाव्यातून वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गाडगेबाबा ज्या परीट समाजात जन्मले त्या समाजाचे, आणि भंडारा-तुमसरच्या वस्त्यांतून दोन-चार घरी काम करणाऱ्या बायांचे, या यंत्रांविषयीचे मत शास्त्रीय नाही. ते उपजीविकेचे आहे. कष्ट कमी व्हावेत हे त्यांनाही हवे आहे. पण कष्टाबरोबर पगारही जावा, हे त्यांना का हवे असावे? इस्त्री-धुलाईच्या लहान दुकानांस सामाईक अल्पजल यंत्र घेण्यासाठी बचत गटांमार्फत कर्ज मिळाले तर यंत्र आणि माणूस यांचा विरोध बराच कमी होईल, असे मला वाटते.

तेव्हा माझा निर्णय असा. समोरून उघडणारी यंत्रे व भांडी घासणारी यंत्रे पाणी वाचवितात हे सिद्ध आहे. ज्यांच्या घरी वरची टाकी, पुरेसा दाब व बेताचे मृदू पाणी आहे त्यांनी ती निःशंकपणे घ्यावीत आणि सोडा मापाने घालावा. अर्धस्वयंचलित यंत्र व दोन बादल्यांची रीत यांना कोणी हिणवू नये. पेलाभर पाण्याचे व साबणाविनाचे दावे मात्र, जोवर कंपनीखेरीज अन्य कोणी त्यांची परीक्षा घेतलेली नाही, तोवर भंडाऱ्यातील कुटुंबाने आपल्या कष्टाच्या पैशाने पारखण्याचे कारण नाही. ही परीक्षा अवघडही नाही. जिल्ह्यातील विज्ञान व गृहविज्ञानाच्या महाविद्यालयांनी बांधीच्या चिखलाच्या, हळदीच्या व खर्र्याच्या पट्ट्या तयार कराव्यात, गावच्या बोअरच्या पाण्यात त्या धुवाव्यात, खंगाळलेल्या शेवटच्या पाण्यात सोडा किती उरला ते मोजावे, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा. जिल्हा परिषदेने एवढी तजवीज केली तर तिचा खर्च एका लहान नाली-दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाहून अधिक होणार नाही. वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांनी या रोवणीच्या हंगामापूर्वीच आपल्या प्राचार्यांकडे तशी दरखास्त द्यावी.